फिल्म बाहेरूनच येत असे. अंधारखोली मात्र गावची होती

#थ्रेड

१/१९
आजोबांच्या कपाटातला जुना कॅमेरा हाती लागला की पहिला प्रश्न उभा राहतो तो रोलचा. जळगावच्या किंवा धुळ्याच्या बाजारपेठेतील फोटोच्या दुकानात चौकशी करावी, तर तेथे पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन आणि झेरॉक्स यांचीच वर्दळ दिसते. मोबाइलवर मात्र हवा तो रोल दोन मिनिटांत मागवता येतो. मग गावातील दुकानाला धरून राहण्याचे कारण काय? या प्रश्नाचे उत्तर हळहळीत सापडत नाही. ते छायाचित्रणाच्या इतिहासात सापडते.

२/१९
आरंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘स्थानिक दुकानातील फिल्म’ ही स्थानिक वस्तू कधीच नव्हती. खान्देशात ना फिल्म तयार झाली, ना फोटोचा कागद. रोल, कागद आणि रसायने मुख्यतः मुंबईच्या बाजारातून येत. फोर्ट भागातील कोडॅक हाउस ही इमारत आणि बोरा बाजार परिसरातील कॅमेऱ्यांची दुकाने आजही त्या व्यापाराची साक्ष देतात. माल दुरून मागवणे ही इंटरनेटने आणलेली रीत नव्हे. या कलेचा जन्मच त्या रीतीत झाला.

३/१९
या परिसराच्या छायाचित्रणाचा आरंभ पाहावा. मद्रास लष्करातील अधिकारी रॉबर्ट गिल याला १८४४ साली अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्याच्या कामावर नेमण्यात आले. पारोच्या कथेमुळे मराठी वाचकाला तो परिचित आहे. जळगावहून सुमारे ६० किलोमीटरवरील या लेण्यांत त्याने अनेक वर्षे चित्रे रंगवली आणि पुढे कॅमेराही हाती घेतला. १८६४ साली त्याची छायाचित्रे जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह पुस्तकरूपाने लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. १८७९ साली त्याचे निधन झाले. त्याची कबर भुसावळला आहे.

४/१९
गिलच्या तैलचित्रांतील बहुसंख्य चित्रे लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसला १८६६ साली लागलेल्या आगीत जळाली. छायाचित्रे मात्र उरली, कारण त्यांच्या अनेक प्रती निघालेल्या होत्या. हा धडा इतिहासाच्या अभ्यासकाने लक्षात ठेवावा. ज्या वस्तूची एकच प्रत असते, ती एका अपघाताने नाहीशी होते. निगेटिव्ह सुरक्षित असेल तर मात्र प्रत पुन्हा काढता येते. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

५/१९
दुसरे उदाहरण शेजारच्या नाशिक जिल्ह्यातले. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी आधी गोध्र्यात फोटो स्टुडिओ चालवून पाहिला होता. १९१२ साली ते लंडनला गेले. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा तेथलाच, फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र तेथलेच आणि कच्ची फिल्मही परदेशीच. छिद्रे पाडणे आणि फिल्म धुणे ही कामे मात्र घरात होत असत आणि त्यांत सरस्वतीबाई फाळके यांचा मोठा वाटा होता. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला, तो या घरगुती अंधारखोलीतून.

६/१९
गिल आणि फाळके यांच्या कामातून एकच गोष्ट दिसते. यंत्र आणि कच्चा माल जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातून येऊ शकतो. चित्र प्रत्यक्ष प्रकट करणारा हात मात्र कामाच्या जागी असावा लागतो. म्हणून ‘दुकान की ऑनलाइन’ हा वाद खरेदीपुरता पाहिला तर अपुरा ठरतो. रोल कोठून आला यापेक्षा तो कोठे धुतला जातो, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे.

७/१९
स्वातंत्र्योत्तर काळात फिल्म देशातच तयार करण्याचा मोठा प्रयत्न झाला. उटी येथील हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी १९६० साली स्थापन झाली आणि तिचा ‘इंदू’ हा छाप देशभर पोहोचला. भारतात तयार होणारा आग्फा क्लिक थ्री हा साधा कॅमेरा मध्यमवर्गीय घरांत शिरला. १२० क्रमांकाच्या एका रोलवर त्यात १२ चौरस फोटो निघत. पुढे उटीचा कारखाना आजारी पडला आणि अखेर बंद झाला. देशी फिल्मचा आधारही असा संपला.

८/१९
रोल विकणे हे दुकानाचे सर्वांत सोपे काम होते. खरी विद्या पडद्यामागे असे. कृष्णधवल फिल्म धुण्यासाठी डेव्हलपरचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस मानले जाते. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जातो आणि नळाचे पाणीही तापलेले असते. तेथे बर्फाशिवाय हे तापमान साधणे अशक्य. द्रावण गरम राहिले तर वेळ किती कमी करावी, याचे गणित छापील कोष्टकात मिळते. ते हातात बसते ते सरावानेच.

९/१९
रंगीत फिल्मची गोष्ट वेगळी. १९७२ पासून प्रचारात आलेल्या सी-४१ या प्रक्रियेत डेव्हलपर ३७.८ अंशांवर ठेवावा लागतो आणि त्यात अर्ध्या अंशाचाही फरक खपत नाही. शिवाय कलर लॅबच्या यंत्रातील रसायन रोज वापरात राहिले तरच ताजे राहते. रोल येणे थांबले की ते हवेने खराब होते आणि यंत्र चालवणे तोट्याचे ठरते. लग्नसराईचे रोल डिजिटलमुळे बंद झाले तेव्हा लहान शहरांतील रंगीत लॅब का टिकल्या नाहीत, याचे उत्तर या रसायनात आहे.

१०/१९
ही साखळी तुटली की काय होते, हे कोडाक्रोमने दाखवले. १९३५ साली आलेली ही रंगीत फिल्म तिच्या स्वतंत्र आणि गुंतागुंतीच्या प्रक्रियेनेच धुता येत असे. २००९ साली कोडॅकने तिचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. अखेरीस ती धुणारी जगात एकच लॅब उरली, अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील पार्सन्स या गावी. ३० डिसेंबर २०१० हा तेथे रोल स्वीकारण्याचा शेवटचा दिवस होता. कारखान्यातून निघालेला अखेरचा रोल स्टीव्ह मॅककरी यांनी वापरला. त्यातील काही छायाचित्रे भारतातील आहेत.

११/१९
त्या दिवसानंतरही अनेकांच्या कपाटांत कोडाक्रोमचे न वापरलेले रोल होते. ते विकतही मिळत होते. मूळ रंगांत त्यांतून चित्र काढणे मात्र संपले होते. फिल्म उपलब्ध असूनही छायाचित्रण थांबले, कारण ती धुणारी जागा उरली नव्हती. ऑनलाइन खरेदी म्हणजे फिल्मचे पुनरुज्जीवन, असे मानणाऱ्याने हे उदाहरण नीट तपासावे.

१२/१९
तरीही ऑनलाइन खरेदीला दोष देणे अन्यायाचे होईल. धुळ्याच्या विद्यार्थ्याला आज जी विविधता घरबसल्या दिसते, ती पूर्वी मुंबईच्या फेरीशिवाय दिसत नसे. भाव आधीच कळतो आणि मुदतीची तारीख विचारता येते. उलट काही दुकानांत वर्षानुवर्षे फळीवर पडलेला, मुदत संपलेला रोल पूर्ण किमतीला पुढे केला जातो. काही ठिकाणी फिल्मचे नाव काढताच हसून वाटेला लावले जाते. केवळ गावातले म्हणून अशा दुकानाला पैसे द्यावेत, असा आग्रह कोणी धरू नये.

१३/१९
परंतु पडद्यावर दिसणाऱ्या किमतीत सर्व खर्च मावत नाही. उन्हाळ्यात तापलेल्या वाहनात पडून राहिलेल्या रोलची प्रत उतरते. उष्णतेने फिल्मवर धूसरपणा चढतो आणि रंग ढळतात. सिनेमाची फिल्म कापून भरलेले काही रोलही बाजारात मिळतात. त्यांच्या पाठीवर काजळीचा थर असू शकतो. तो न काढता असा रोल सी-४१ यंत्रात घातला तर रसायनासह इतरांचे रोलही बिघडतात. आणि रंगीत रोल धुण्यासाठी बहुधा पुन्हा कुरिअरने मुंबई-पुण्याला पाठवावा लागतो.

१४/१९
तेव्हा येथे एक भेद करणे हिताचे. रंगीत फिल्मची लॅब खान्देशात आज केवळ प्रेमापोटी चालणार नाही. तिला रोजचे रोल लागतात. कृष्णधवल फिल्मचे तसे नाही. भुकटीपासून डेव्हलपर हवा तेवढाच करता येतो, एकदा वापरून टाकून देता येतो आणि महिन्याला चार रोल आले तरी काम अडत नाही. एक अंधारी खोली, एक टाकी, घड्याळ, तापमापक आणि जाणता हात एवढ्यावर ते उभे राहते. जुन्या दुकानाला आधार द्यावयाचा असेल, तर तो येथे द्यावा.

१५/१९
याहून मोठी गोष्ट दुकानाच्या माळ्यावर आहे. जुन्या स्टुडिओत गिऱ्हाइकाला प्रत मिळे. निगेटिव्ह बहुधा स्टुडिओतच राही. शाळेचे वर्ग, लग्ने, सत्कार, मिरवणुका, दुकानांची उद्घाटने आणि गेलेल्या माणसांची एकमेव छायाचित्रे त्या पाकिटांत आहेत. कोलकात्याच्या बॉर्न अँड शेफर्ड या प्रख्यात स्टुडिओचा मोठा संग्रह १९९१ च्या आगीत गेला आणि २०१६ साली स्टुडिओच बंद झाला. नामांकित संस्थेची ही गत, तर गल्लीतल्या निनावी स्टुडिओची काय कथा?

१६/१९
धोका केवळ आगीचा नाही. अनेक जुन्या निगेटिव्ह सेल्युलोज ॲसिटेटच्या आहेत. उष्णता आणि दमट हवा यांनी हा पदार्थ विघटित होतो, व्हिनेगरसारखा आंबट वास सोडतो, आकसतो आणि त्यावरील थर सुटू लागतो. खान्देशातील पत्र्याखालचा माळा ही अशा वस्तूसाठी वाईट जागा आहे. दुकान बंद होऊन जागा विकली गेली की उरलेले भंगारात जाते. दर दिवाळीच्या आवराआवरीत काय फेकले जाते, याची नोंद कोणीही ठेवत नाही.

१७/१९
धुळे शहराला ही कथा नवी वाटू नये. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले, लोकांच्या घरांतील दप्तरे त्यांनी मिळवली आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे २२ खंड सिद्ध केले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांचे निधन झाले आणि १९२७ साली येथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. मोडीतील रुमाल हे साधन, तर स्टुडिओतील निगेटिव्हची पाकिटे हेही साधनच. फरक इतकाच की कागद तीनशे वर्षे तग धरतो. ॲसिटेट तेवढी सवलत देत नाही.

१८/१९
करण्यासारखे पुष्कळ आहे. रोल मागवताना चार-पाच मित्रांनी एकत्र मागणी करून ती आधी दुकानदारापुढे ठेवावी. त्याला जमत नसेल तर खुशाल ऑनलाइन मागवावा. कृष्णधवल रोल मात्र गावातच धुण्याची व्यवस्था शोधावी. जुन्या फोटोग्राफरकडून ते काम रीतसर मोबदला देऊन शिकावे. त्यांच्या निगेटिव्ह मागू नयेत. त्या ओळखून, तारीख आणि नाव लिहून, स्कॅन करून देण्यास हात लावावा. संबंधित कुटुंबांच्या संमतीने एक प्रत राजवाडे मंडळासारख्या संस्थेकडे किंवा जळगावच्या विद्यापीठाकडे ठेवण्याचा प्रयत्न करावा.

१९/१९
दुकानाला आधार देणे म्हणजे महाग रोल विकत घेऊन उपकार करणे नव्हे. तेथे एक विद्या आहे आणि एक दप्तर आहे. दोन्ही पार्सलने येत नाहीत. रोल उद्याही कोठून तरी मिळेल. पण पाकिटावर नाव नसलेल्या चेहऱ्याकडे पाहून ‘हे अमुक गल्लीतले, हे लग्न अमुक सालचे’ असे सांगणारा फोटोग्राफर आज वृद्ध आहे. इतिहासाची आवड असलेल्या तरुणाने या आठवड्यात ऑनलाइन मागणी नोंदवावीच. त्याआधी एक संध्याकाळ त्या दुकानात जाऊन बसावे.

#खान्देश #इतिहास #छायाचित्रण