पहिले गोष्टीचे पुस्तक निवडताना

तंजावर जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी घरे आहेत. पापनाशमसारख्या गावात अशा घरातले मूल शाळेत तमिळ अक्षरे गिरवते. मराठी बोलता येते, वाचता येत नाही. पहिलेच पुस्तक अवघड निघाले, तर मराठी वाचन तिथेच थांबते.

हा प्रश्न या मुलखाला नवा नाही. १८०६ साली सरफोजीराजांच्या तंजावरात ‘बालबोध मुक्तावली’ छापली गेली. सख्खन पंडितांनी मराठीत आणलेल्या त्या इसापच्या गोष्टी. निवड किती नेमकी! प्राणी ओळखीचे, गोष्ट चुटकीसरशी संपणारी.

तमिळ लिपीत ‘क’ आणि ‘ग’ला एकच अक्षर, जोडाक्षरेही जवळजवळ नाहीत. म्हणून इथल्या मुलाला ‘प्रश्न’, ‘स्वच्छ’ असे शब्द जड जातात. जोडाक्षरे कमी, टाइप ठळक आणि तेच वाक्य पुन्हा पुन्हा येणारे पुस्तक पाहावे. गुळगुळीत कागदाला भुलू नये. एक पान मुलाकडून वाचून घ्यावे. चार-पाच ठिकाणी अडखळले, तर ते पुस्तक आई-आजीने वाचून दाखवण्यासाठी ठेवावे.

चेन्नईचे ‘तूलिका’ प्रकाशन तमिळ आणि मराठी, दोन्हींत बालपुस्तके काढते. तमिळमध्ये ऐकलेलीच गोष्ट मराठीत मिळाली, तर उत्तम. तेच पुस्तक मूल दहादा मागेल, मागू द्यावे.