राक्षसाचा प्राण पोपटात. पण पोपट कोणाच्या मालकीचा?

राक्षसाचा प्राण त्याच्या देहात नसतो. तो दूर कुठेतरी, घनदाट अरण्यात, पिंजऱ्यातल्या पोपटात असतो. पोपटाची मान मुरगळली की राक्षस कोसळतो. ही गोष्ट न ऐकलेले मराठी मूल विरळाच. पुढे त्याच मुलाला इतिहासाचे वेड लागते, ते जगभरच्या लोककथा चाळू लागते, आणि एके दिवशी त्याला रशियातला अमर कोश्चेई भेटतो. कोश्चेईचा मृत्यू सुईच्या टोकावर आहे. सुई अंड्यात, अंडे बदकात, बदक सशात, ससा पेटीत आणि पेटी बुयान बेटावरच्या ओक वृक्षाखाली. नॉर्वेतल्या राक्षसाचे हृदय तळ्यातल्या बेटावर, चर्चमधल्या विहिरीत पोहणाऱ्या बदकाच्या अंड्यात सापडते. ‘अरेबियन नाइट्स’मधल्या सैफ-उल-मुलूकच्या कथेत जिनाचा प्राण एका चिमणीत आहे आणि ती चिमणी पेटीत पेटी, पेटीत पेटी अशी समुद्रात बंदिस्त आहे.

विद्यार्थी थक्क होतो. हे थक्क होणे अस्सल असते, आणि इतिहासाची खरी गोडी बहुधा अशाच क्षणी लागते. दुर्दैव असे, की त्या विस्मयाला एक दिवसही उसंत मिळत नाही. लगेच मोबाइलवर एक रंगीत नकाशा येऊन पडतो. मधोमध भारत, आणि तिथून रशिया, नॉर्वे, अरबस्तान, ग्रीसकडे सुटलेले जाड बाण. खाली एकच ओळ: सगळे आपल्याकडूनच गेले. प्रश्न पडण्याआधीच उत्तर हातात येते, आणि एक चांगला विद्यार्थी वाया जातो.

या बाणांच्या बाजूने जे काही बोलता येईल ते आधी बोललेच पाहिजे. महाभारताच्या वनपर्वात, यवक्रीताच्या आख्यानात, बालधी ऋषींची कथा येते. त्यांना अमर पुत्र हवा होता. देवांनी मर्त्याला अमरत्व नाकारले, पण समोरचे पर्वत जोवर उभे आहेत तोवर तो जगेल असा वर दिला. हा मुलगा मेधावी. वराच्या बळावर तो उन्मत्त झाला आणि ऋषींचा अपमान करीत सुटला. धनुषाक्ष ऋषींनी त्याला भस्म होण्याचा शाप दिला, तो फळला नाही. तेव्हा त्यांनी रेड्यांकरवी पर्वतच फोडविले आणि मेधावी त्याच क्षणी मेला. प्राण देहाबाहेर ठेवण्याची कल्पना आपल्या परंपरेत जुनी आहे, याला यापेक्षा चांगला दाखला नको.

मात्र ‘जुनी’ म्हणजे ‘सर्वांत जुनी’ नव्हे. ब्रिटिश म्युझियममध्ये एक इजिप्शियन पपायरस आहे, इ.स.पू. १२००च्या सुमाराचा. त्यात दोन भावांची कथा आहे. धाकटा भाऊ बाटा आपले हृदय काढून एका झाडाच्या फुलावर ठेवतो. झाड तोडले जाताच तो मरतो. थोरला भाऊ हृदय शोधून पाण्यात ठेवतो आणि बाटा पुन्हा जिवंत होतो. महाभारताची रचना आणि संस्करण अभ्यासक साधारणपणे इ.स.पू. ४०० ते इ.स. ४०० या काळातले मानतात. नियम ‘जे आधी लिहिले गेले तिथूनच गोष्ट निघाली’ असा असेल, तर नकाशावरचे सगळे बाण उलटे करून इजिप्तमधून काढावे लागतील. त्याला नकाशावाले तयार होणार नाहीत. तयार होऊही नये, कारण तो नियमच खोटा आहे. इजिप्तच्या कोरड्या वाळूत पपायरस तीन हजार वर्षे टिकतो. भारताच्या पावसाळ्यात, वाळवीच्या तोंडी, भूर्जपत्रे आणि ताडपत्रे काही शतकांत संपतात. कोणती कथा आधी लिहिलेली सापडते हे पुष्कळदा हवामान ठरवते. सांगणाऱ्याच्या तोंडी ती कधीपासून होती, ते कोणत्याही पपायरसवर लिहिलेले नसते.

गोष्टी प्रवास करीत नाहीत, असे यातून मुळीच निघत नाही. पंचतंत्राचा प्रवास पाहावा. सहाव्या शतकात इराणच्या खुस्रू अनुशीर्वानच्या दरबारातील बुर्झोय याने त्याचे पहलवीत भाषांतर केले. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने ते अरबीत नेले. अरबीवरून हिब्रू, हिब्रूवरून तेराव्या शतकात कापुआच्या जॉनचे लॅटिन, आणि तिथून युरोपच्या भाषा. अरबी ग्रंथाचे नावच ‘कलीला व दिम्ना’ आहे: पंचतंत्रातले करटक आणि दमनक हे दोन कोल्हे उच्चार बदलून तिथे उभे आहेत. याला पुरावा म्हणतात. भाषांतरकारांची नावे आहेत, हस्तलिखितांची साखळी आहे, पात्रांच्या नावांत मूळ भाषेची खूण आहे. थिओडोर बेनफाय या जर्मन पंडिताने १८५९ मध्ये पंचतंत्राच्या भाषांतराबरोबर हीच वाट उलगडून दाखवली. पण पुढे जाऊन युरोपातल्या बहुतेक अद्भुतकथाच भारतातून आल्या असे त्याने म्हटले, आणि तिथे त्याचा पाय घसरला. आजच्या नकाशावाल्यांना बेनफायची ही घसरण तेवढी आवडते; त्याची हस्तलिखिते वाचण्याचे कष्ट कोणी घेत नाही.

पोपटाच्या कथेसाठी अशी साखळी कुठे आहे? कोश्चेई या नावात कोणता संस्कृत राक्षस दडला आहे? बाण काढणाऱ्याने याचे उत्तर द्यावे, किंवा बाण पुसावा.

शिवाय ‘एकच कथा’ म्हणून जे एका रांगेत मांडले जाते, ते तरी एक आहे काय? इजिप्तच्या कथेत हृदय बाहेर ठेवणारा स्वतः नायक आहे, आणि त्याचे हृदय शोधले जाते ते त्याला वाचवण्यासाठी. मेधावी हा राक्षसही नव्हे आणि नायकही नव्हे. तो उद्दाम ऋषिपुत्र आहे, त्याला मारणारे ऋषी आहेत, आणि कथेत कैदेतली राजकन्या औषधालाही नाही. कोश्चेईच्या आणि पोपटाच्या कथेत मात्र बंदिवान स्त्री गोड बोलून गुपित काढते. लोकसाहित्याचे अभ्यासक म्हणूनच कल्पनाबंध आणि कथा यांत फरक करतात. देहाबाहेरचा प्राण हा एक कल्पनाबंध आहे, अनेक घरांत सापडणाऱ्या विटेसारखा. वीट सारखी दिसली म्हणून घर एकाच गवंड्याने बांधले असे ठरत नाही.

आता तो पोपट मुळात छापील पानांवर कसा आला, ते पाहावे. १८६५-६६च्या हिवाळ्यात मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर दक्षिण मराठा मुलखात दौऱ्यावर होते. सोबत त्यांची वीस वर्षांची मुलगी मेरी होती, आणि मेरीची आया ॲना लिबराता डिसोझा. मुक्कामाच्या कंटाळवाण्या वेळी मेरीने ॲनाला गोष्टी सांगायला लावले, त्या लिहून घेतल्या आणि १८६८ मध्ये लंडनहून ‘ओल्ड डेक्कन डेज’ हे पुस्तक निघाले. जादूगार पंचकिनची कथा त्यातच आहे: दूरच्या अरण्यात ताडांचे कडे, मधोमध एकावर एक रचलेले पाण्याचे सहा घडे, त्यांखाली पिंजरा, पिंजऱ्यात हिरवा पोपट. ॲनाने या गोष्टी आपल्या आजीकडून ऐकल्या होत्या. तिचे आजोळ-पणजोळ कोण? तिने स्वतःच सांगून ठेवले आहे: आजोबांचे घराणे लिंगायत, कालिकतचे, ते गोव्याकडे येऊन राहिले आणि तिथे आजोबा ख्रिस्ती झाले.

दोनच वर्षांनी, १८७० मध्ये, जॉर्ज कॉक्स या इंग्रज लेखकाने आर्य राष्ट्रांच्या पुराणकथांवरील आपल्या ग्रंथात या दख्खनी कथा घेतल्या आणि नॉर्वेच्या कथांशेजारी ठेवून त्या आर्यांच्या सामायिक वारशाच्या साक्षीदार ठरवल्या. लिंगायत घराण्यातून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबातली आजी, कन्नड-मराठी-कोंकणी मुलखातली आया, आणि तिच्या गोष्टीवर शिक्का ‘आर्य’! इजिप्तचा बाटा आणि अरबांचा जिन या शिक्क्यात कसे बसवायचे, हा प्रश्न तसाच राहिला. आजचा रंगीत नकाशा कॉक्सचीच री ओढतो, फक्त मालकाचे नाव बदलून.

‘थोडा अभिमान बाळगला तर बिघडले काय?’ असे विचारले जाते. बिघडते ते हे: एकदा गोष्ट राष्ट्राच्या नावावर चढवली की ती कोणी, कोणत्या बोलीत, कोणाला सांगितली हे विचारण्याची गरजच उरत नाही. मेरी फ्रियर साम्राज्याच्या गव्हर्नरची मुलगी होती, आणि पुस्तक तिच्याच नावाने निघाले. तरी तिने ॲनाचे नाव, तिचे घराणे आणि तिची जीवनकहाणी त्यात स्वतंत्र प्रकरण देऊन छापली. मोबाइलवर फिरणाऱ्या त्या नकाशात पोपट आहे, ओक आहे, चर्चमधली विहीरही आहे. ॲना लिबराता डिसोझा कुठेही नाही.