नामावळींतून कोष्टकाकडे

नाशिकक्षेत्रीं रामकुंडावर ज्यांनीं श्राद्धादि विधि केले असतील, त्यांस तीर्थोपाध्यांच्या नामावळीचा परिचय आहेच. आडनांव व मूळ गांव सांगितलें, कीं उपाध्येबोवा जुनी वही उघडतात आणि आपल्या आज्यापणज्यांच्या वेळचा मजकूर पुढें ठेवतात. कोण आला, कोणाचा मुलगा, कोणाचा नातू, मुक्काम कोणता, शक कोणता, इतकें त्यांत बहुधा असतें. हरिद्वारादि क्षेत्रींही अशा वह्या आहेत. त्यांचें सूक्ष्मचित्रण अमेरिकेंतील यूटा येथील वंशावळी-संस्थेनें १९७७ पासून हातीं घेतलें. परंतु चित्र घेतल्यानें मजकूर वांचतो, एवढेंच. ‘आमच्या घराण्यांतील कोणकोण येवल्यास राहत होते?’ हा प्रश्न चित्रास विचारतां येत नाहीं. त्यासाठीं मजकुरांतील एकेक गोष्ट वेगळी काढून कोष्टकांत मांडावी लागते.

हल्लीं घरांतील मुलेंमुली प्रोग्रॅमिंग शिकूं लागलीं, कीं नेमकें हेंच काम त्यांच्यापुढें लवकर येतें: मजकुरांतून माहिती वेंचावी आणि डेटाबेसांत सांठवावी. सरावासाठीं बहुधा दुकानांतील वस्तूंच्या किंमती घेतात. त्यांत चूक झाली तरी कोणाचें कांहीं बिघडत नाहीं, आणि म्हणूनच विचार करण्याची संवयही लागत नाहीं. आमची सूचना अशी, कीं विद्यार्थ्यानें उपाध्यांच्या संमतीनें आपल्याच घराण्याच्या नोंदी उतरून घ्याव्या. तें न साधल्यास कपाटांतील कुलवृत्तांताचीं चार पानें घ्यावीं. नोंद मोडींत असेल तर प्रथम मोडी जाणणाऱ्याकडून ती वाचून घ्यावी.

समजा, नोंद अशी आहे: ‘गोविंद, बाप विष्णु, आजा महादेव, बंधु दोन, मुक्काम येवलें, शके १८०२ माघ.’ नवशिका स्वल्पविराम दिसेल तेथें वाक्य तोडतो आणि सहा रकाने भरतो. पुढील नोंदींत आजा दिलेला नसला, कीं भाऊ आज्याच्या रकान्यांत जाऊन बसतो! म्हणून जागेवर भिस्त न ठेवतां ‘बाप’, ‘आजा’, ‘मुक्काम’ या शब्दांच्या खुणेनें माहिती वेंचावी.

दुसरा प्रश्न असा, कीं कोष्टकांतील एक ओळ म्हणजे काय? वरील नोंद एक, पण नांवानिशीं आलेल्या व्यक्ति तीन. तेव्हां व्यक्तींच्या कोष्टकांत तीन ओळी हव्या. प्रत्येकीस क्रमांक द्यावा आणि गोविंदाच्या ओळींत बापाचें नांव पुन्हां न लिहितां विष्णूचा क्रमांक लिहावा. माहिती कोष्टकांत ठेवून कोष्टकें अशीं परस्परांशीं जोडण्याचा विचार आयबीएम कंपनींतील संशोधक एडगर कॉड यांनीं १९७० मध्यें मांडला. आपल्याकडे तर क्रमांकाची गरज विशेषच आहे. आज्याचें नांव नातवास ठेवण्याची आपली चाल. नुसत्या नांवावरून माणूस ओळखूं गेल्यास यंत्र आज्यास आणि नातवास एकच करून सोडील.

तिसरी गोष्ट मूळ शब्द राखण्याची. शकांत ७८ मिळविले कीं इसवी सन येतो, असें पाठ असतें. पण माघ महिना इंग्रजी वर्ष पालटल्यावर येतो. म्हणून शके १८०२ चा माघ १८८० सालीं नव्हे, तर १८८१ सालीं पडला. एका रकान्यांत मूळची मिति जशीच्या तशी ठेवावी, दुसऱ्यांत आपण काढलेला सन लिहावा. हिशेब चुकला तर मुळाशीं ताडून सुधारतां येतो. मूळच टाकून दिलें तर चूक कायमची होते.

आतां मुख्य मुद्दा. वरील नोंदींत गोविंदाची आई नाहीं, पत्नी नाहीं, बहीण नाहीं. हें पाहून विद्यार्थ्यानें केवळ ‘बाप’ हा रकाना केला, तर पुढें आईचें नांव हातीं आलें तरी तें ठेवावयास जागा उरणार नाहीं. वहींतील उणीव यंत्रांत नियम होऊन बसेल. शिवाय लग्नांत वधूचें नांव बदलण्याची चाल आहेच. नांवास एकच रकाना असेल, तर माहेरची कन्या आणि सासरची सून या दोन परक्या स्त्रिया ठरतात, नाहींतर दोहोंपैकीं एक नांव पुसलें जातें. यास्तव नांवांचें कोष्टक निराळें करावें: व्यक्ति एक, नांवें कितीही, आणि प्रत्येक नांवापुढें ‘माहेरचें’ कीं ‘सासरचें’ हें लिहावें. वहींत नसलेली ही माहिती घरांतील वडील स्त्रियांच्या स्मरणांत असते. आजीस, आत्याबाईंस, मोठ्या काकूंस विचारावें, आणि कोणी सांगितलें यासही एक रकाना ठेवावा. उत्तर न मिळाल्यास रकाना रिकामा सोडावा. ‘माहीत नाहीं’ आणि ‘नव्हतें’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; रिकाम्या जागीं तर्कानें नांव घालूं नये.

साधनांविषयीं थोडक्यांत. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेली पायथॉन ही भाषा नवशिक्यास सुगम आहे. २००० सालीं आलेला एसक्यूलाइट हा डेटाबेस एकाच फाईलींत राहतो, आणि पायथॉनमध्यें त्याची सोय आधींच केलेली असते. दोन्ही विनामूल्य आहेत. नांवें देवनागरींतच ठेवावीं. रोमन लिपींत नेलीं कीं ‘ण’ आणि ‘न’ यांतील भेद सहज बुडतो. प्रत्येक नोंदीस वहीचें पान व अनुक्रम द्यावा आणि तीच जोडी दोनदां शिरूं नये असा निर्बंध घालावा, म्हणजे प्रोग्रॅम पुन्हां चालविला तरी एकच नोंद दुप्पट होणार नाहीं. हयात मंडळींच्या जन्मतारखा व पत्ते मात्र त्यांस विचारल्यावांचून घराबाहेर जाऊं देऊं नयेत.

आरंभ दहा नोंदींनीं करावा. त्या कोष्टकांत भरून झाल्या, कीं कागदावर छापून दुपारच्या वेळीं वडील मंडळींपुढें ठेवाव्या आणि एकेक ओळ मोठ्यानें वाचावी. ‘ही विष्णूची नव्हे, महादेवाची बहीण’ अशी दुरुस्ती यंत्र सुचविणार नाहीं. ती सांगणारीं माणसें घरांत आहेत तोंवर हें काम हातीं घेतलेलें बरें.