उसाच्या फडातली मुलं आणि पहिलं कम्युनियन

आदरणीय बिशप बर्नार्ड लॅन्सी पिंटो,
औरंगाबाद धर्मप्रांत, छत्रपती संभाजीनगर



मागणी आधीच सांगून टाकते, म्हणजे पत्र अर्धवट वाचलं गेलं तरी काम अडणार नाही. पहिल्या कन्फेशनची आणि पहिल्या कम्युनियनची तयारी मी पाहिलेल्या पॅरिशमध्ये शाळेच्या वर्षाप्रमाणे चालते. जूनमध्ये वर्ग सुरू होतात, ईस्टर झाला की एप्रिल-मेमध्ये मुलं पांढऱ्या कपड्यांत वेदीसमोर येतात. मराठवाड्याच्या खेड्यांत हे वेळापत्रक बदलावं. तिथे तयारी ऊसतोड मजूर गावी परतल्यावर सुरू व्हावी आणि दसऱ्याला टोळ्या निघायच्या आत कम्युनियन व्हावं.

मी शहरात रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते आणि अधूनमधून खेड्यातल्या वर्गांना मदतीला जाते. अशाच एका वर्गात दहा वर्षांची एक मुलगी सात-आठ वर्षांच्या पोरांत बसलेली दिसली. उंचीमुळे चटकन नजरेत भरत होती. जूनपासून दसऱ्यापर्यंत तिची हजेरी चोख. पुढे आईबापांचा कोयता ऊसतोडीला निघतो, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेऊन खर्च झालेली असते, धाकट्या भावाला सांभाळायला हिला सोबत जावंच लागतं. परत येईपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो आणि हजेरीपटावर तिच्या नावापुढे सहा महिने रेघा. मग कम्युनियन पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षीही तेच.

त्या दिवशी आम्ही कन्फेशनची तालीम घेत होतो. एका खुर्चीत मी, शेजारी गुडघे टेकून मूल. खरी पापं सांगायची नाहीत, फक्त रीत शिकायची, असं आधीच बजावलेलं. तरी मुलं बोलतातच. "भावाशी भांडलो, अभ्यास केला नाही, आईशी खोटं बोललो." जवळपास सगळ्यांची पापं तीच, त्याच क्रमानं, कारण तो क्रम फळ्यावर आम्हीच लिहून दिलेला. ही मुलगी आली, थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "वाढं विकून आलेल्या पैशातले दहा रुपये मी आईला सांगितले नाहीत. भावाला कुरकुरे घेतले. पण अर्धे मीच खाल्ले." वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. ऊसतोडीची माणसं ते चारा म्हणून विकतात आणि रोजची मीठमिरची त्यातून भागवतात. घरातला हा पैसा किती मोलाचा आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण तिला खरी बोच होती ती त्या अर्ध्या पुड्याची. फळ्यावरच्या यादीत हे पाप नव्हतं. तिनं स्वतःच्या मनात शोधून काढलेलं होतं.

मग तिनं विचारलं, "फादर हे आईला सांगतील का?" नाही, कधीच नाही, कुणालाच नाही, असं मी सांगितलं. त्यावर तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. फडाजवळच्या एका कोपीत, म्हणजे झोपडीत, चार माणसं झोपतात तिथे कुठलीच गोष्ट कुणापासून लपत नाही. कायम गुपित राहील अशी जागा तिच्या आयुष्यात ती पहिलीच असणार.

बिशपस्वामी, अशा मुलीची तयारी झालेली नाही असं कोणत्या तोंडानं म्हणायचं?

पोप दहावे पायस यांनी ८ ऑगस्ट १९१० रोजी 'क्वाम सिंग्युलारी' हा आदेश काढला, तो अशाच चालढकलीवर. तेव्हा युरोपात बऱ्याच ठिकाणी मुलांना दहा, बारा, कुठे चौदाव्या वर्षापर्यंत थांबवलं जाई. आदेशानं सांगितलं की साधारण सातव्या वर्षी समज येते, मुलाला साधी भाकर आणि ख्रिस्ताचं शरीर यांतला फरक आपल्या वयाच्या मानानं कळला की पुरे. वैजापूर तालुक्यातल्या घोगरगावासारख्या ठिकाणी ज्यांनी आपलं मिशन रुजवलं ते फ्रेंच फादर एकोणिसाव्या शतकात वाढलेले, म्हणजे बहुधा स्वतःही असेच ताटकळलेले. आदेशाला शंभराहून जास्त वर्षं होऊन गेली. तरी मुलं अजून थांबतातच; आता धर्मशास्त्राच्या जागी हजेरीपट आला, इतकंच.

आजचा चर्चचा कायदाही आमच्या बाजूनं आहे. कलम ९१३ पुरेसं ज्ञान आणि नीट तयारी मागतं, बारा महिन्यांची हजेरी मागत नाही. कलम ९१४ मध्ये जबाबदारी पहिल्यांदा आईवडिलांवर येते, मग पॅरिशच्या फादरांवर, आणि समजत्या वयात आलेल्या मुलांना कन्फेशननंतर शक्य तितक्या लवकर हे अन्न मिळावं असं तिथे म्हटलं आहे. धर्मशिक्षणाच्या शिक्षिकेचा त्यात उल्लेखही नाही. मला थोडं लागलं, पण ठीक आहे.

हजेरीचा आग्रह धरणाऱ्यांचंही खोटं नाही. मुलं विसरतात, काही आईबाप फोटोपुरते उगवतात. शहरात हॉल, कॅमेरा, केक आणि गाऊनच्या भाड्याचा जो बाजार झाला आहे त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल. पण ऊसतोडीला जाणारा बाप हौसेनं गैरहजर राहत नाही. आणि त्याची बायको दिवसभर मोळ्या वाहून रात्री कोपीत रोझरी म्हणते तेव्हा पोरं ती ऐकतच असतात. ही तयारी कुठल्या रकान्यात लिहायची?

एप्रिलच्या शेवटी माणसं गावात येतात. मे ते ऑगस्ट वर्ग घेता येतील. पेरणीचे आठवडे सोडले तरी पुष्कळ वेळ उरतो. कम्युनियन १५ ऑगस्टला ठेवता येईल. मारियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण, वर सरकारी सुट्टी, सगळे घरात. पाऊस फार असला तर ८ सप्टेंबर, मारियामातेचा जन्मदिवस. ईस्टरच्या दिवसांची परंपरा मला प्रिय आहे, पण ती परंपरा आहे, अट नव्हे. शहरातल्या पॅरिशनी तिच्यात बदल करण्याचं कारण नाही.

दुसरं, मुलाबरोबर जाणारं एक साधं कार्ड द्या. काय शिकून झालं, काय राहिलं, एवढंच त्यावर असावं. आपल्या टोळ्या नगरकडे, सांगली-कोल्हापूरकडे जातात, म्हणजे नाशिक, पुणे आणि सिंधुदुर्ग धर्मप्रांतांत. तिथल्या बिशपांशी आपण बोललात तर कारखान्याजवळच्या पॅरिशमधून कुणी रविवारी मजुरांच्या तळावर जाऊ शकेल. मुलगी फडात असली तरी चर्चच्याच हद्दीत असते.

तिसरं आमच्यासाठी. फळ्यावरची पापांची यादी बंद करण्याची सूचना आपल्याकडून यावी. आम्ही सांगून कुणी ऐकत नाही.

ती मुलगी यंदाही वर्गात आहे. तिच्या वडिलांनी उचल घेतली आहे, टोळी नेहमीप्रमाणे दसऱ्यानंतर निघेल. आपलं उत्तर त्याआधी आलं तर तिच्या पॅरिशच्या फादरांशी बोलायला मी स्वतः जाईन.

आपली नम्र,
रविवारच्या वर्गातली एक शिक्षिका
छत्रपती संभाजीनगर