दुपारचे ऊन फजरपर्यंत

डिसेंबर-जानेवारीत खडकीत पहाटे मुळा नदीकडून असा गारवा येतो की फजरच्या वेळी नळाखाली धरलेला हात आपोआप मागे येतो. घरात वयस्कर माणसे असली की वुजूसाठी पाणी कोमट करून देणे आलेच. आधी बंब होता, मग स्टोव्ह आला, मग गिझर. आता अनेक गच्च्यांवर सोलरच्या नळ्या दिसतात. तरीही एक तक्रार आम्हाला वारंवार ऐकू येते : "दुपारी हात भाजेल इतके पाणी तापते, पण पहाटे हवे तेव्हा ते गारच!" या महिन्याचे सदर याच तक्रारीवर आहे.

आधी हिशेब मांडू. वीस लिटरची बादली २० अंशांवरून ४० अंशांपर्यंत तापवायला जवळपास अर्धा युनिट वीज लागते. घरात सहा माणसे असतील तर रोजचे पावणेतीन युनिट आणि महिन्याचे ऐंशीच्या वर. मशिदीत शंभर नमाजींना वुजूसाठी प्रत्येकी तीन लिटर पाणी १५ अंशांनी तापवून द्यायचे ठरवले, तर एका वेळेलाच पाच युनिटहून थोडी जास्त वीज जाते. ऊन मात्र फुकट आहे. अडचण एवढीच की ऊन दुपारी असते आणि गरज पहाटे. मधले पंधरा-सोळा तास ती ऊब सांभाळायची कशी, हा खरा प्रश्न आहे.

ऊन एकवटण्याची विद्या जुनी आहे. बगदादच्या इब्न सहल यांनी सुमारे ९८४ साली आरसे आणि भिंगे यांनी सूर्यकिरण एका जागी आणून वस्तू पेटवण्यावर ग्रंथ लिहिला. त्यांच्यानंतर इब्न अल-हैसम यांनी अशा अंतर्वक्र आरशांचे गणित मांडले. आपल्या महाराष्ट्रातही याचा एक मोठा प्रयोग झाला. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ साली सुरू झाला. त्यानंतर काही वर्षांतच मुंबईत विल्यम ॲडम्स या कोर्टातल्या इंग्रज अधिकाऱ्याने कुलाब्यात सपाट आरशांची मोठी मांडणी करून पाण्याची वाफ केली आणि तिच्यावर पंप चालवला. इथे लाकूड आणि कोळसा महाग, ऊन मात्र भरपूर, म्हणून त्याने हा खटाटोप केला. त्याने केलेल्या सूर्यचुलीवर जानेवारी महिन्यात सात शिपायांचे मांस आणि भाज्या दोन तासांत शिजत. १८७८ साली त्याचे यावरचे पुस्तक मुंबईत छापले गेले. पण सूर्य मावळला की अशी चूल विझणार, हे उघडच होते.

साठवणुकीचा प्रश्न सुटला तो अमेरिकेत. १८९१ साली क्लॅरेन्स केम्प याने काळ्या रंगाच्या टाक्या काच लावलेल्या पेटीत ठेवून पाणी तापवण्याचे यंत्र विकायला आणले. दुपारी पाणी छान तापे, पण ज्या काचेतून ऊन आत येई तिच्यातूनच रात्री ऊब निघून जाई. १९०९ साली विल्यम बेली याने साधीच वाटणारी एक गोष्ट केली. तापवण्याची जागा आणि साठवण्याची जागा त्याने वेगळी केली. उन्हात फक्त नळ्या ठेवल्या आणि पाण्याची टाकी त्यांच्यापेक्षा उंचावर नेऊन चहूबाजूंनी गुंडाळली. गरम पाणी हलके असल्यामुळे आपोआप वर चढते आणि थंड पाणी खाली उतरते, म्हणून पंपही लागला नाही. या यंत्राचे नावच त्याने 'दिवस-रात्र' असे ठेवले. आपल्या गच्चीवरचा सोलर हीटर याच विचारावर चालतो.

पुढे पाण्याऐवजी दुसरे पदार्थ वापरून पाहिले गेले. १९४८ साली मारिया टेल्केस या बाईंनी अमेरिकेतले एक घर उन्हाची ऊब साठवणाऱ्या क्षारावर गरम ठेवले. हा क्षार ३२ अंशांच्या आसपास वितळताना उष्णता पोटात घेतो आणि गोठताना परत देतो. काही हिवाळ्यांनंतर ती रचना नीट चालेनाशी झाली, पण कल्पना टिकली. इकडे लातूरच्या महानंद डेअरीत १६० चौरस मीटरच्या 'अरुण' नावाच्या सूर्यतबकडीने पाणी दाबाखाली तापवून टाकीत साठवले आणि त्यावर दूध तापवले. घरासाठी मात्र आजही पाणी हेच सर्वांत स्वस्त साठवण आहे.

म्हणून पहाटे पाणी गार मिळत असेल तर नळ्यांना दोष देण्याआधी टाकी तपासावी. मगरिबनंतर आणि फजरच्या आधी टाकीजवळच्या नळाचे पाणी थर्मामीटरने मोजावे. मधल्या काळात पाणी वापरू नये. दोनशे लिटरच्या टाकीत रात्रीत पाच अंश कमी झाले तर सव्वा युनिटच्या आसपास ऊब गेली असे समजावे. त्याहून बरीच जास्त जात असेल तर टाकीचे आवरण ओले किंवा फाटलेले असू शकते. गच्चीवरून न्हाणीघरापर्यंतचा पाइप उघडा असेल तर तोही गुंडाळून घ्यावा. त्या पाइपातले गार झालेले पाणी ओतून देण्याऐवजी बादलीत धरावे, भांड्यांना चालते. पॅनेलचा हीटर असेल तर टाकीचा तळ पॅनेलच्या वरच्या कडेपेक्षा उंच आहे ना, हे प्लंबरकडून पाहून घ्यावे. नाहीतर रात्री प्रवाह उलटा फिरतो आणि पाणी आकाशाला ऊब देत बसते. बोअरचे जड पाणी असेल तर नळ्यांत क्षार साचतो, तो वेळोवेळी काढावा. लहान मुले असतील तर आधी थंड पाणी बादलीत घ्यावे आणि मग गरम. साठ अंशांचे पाणी कातडी भाजते.

ऊब सांभाळायची, तसा उजेड नको तेव्हा थांबवायचा. नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा या तीन भावांनी आपल्या यंत्रांच्या ग्रंथात वात आपोआप पुढे सरकणारा दिवा आणि वाऱ्यात न विझणारा दिवा वर्णिला आहे. माणसाने जवळ न बसता दिव्याने स्वतःची काळजी घ्यावी, ही कल्पना तेव्हापासूनची. विजेचा दिवा आला तेव्हा बटण बंद करताना ठिणगी उडून ते जळे. इंग्लंडच्या जॉन हेन्री होम्स याने १८८४ साली झटकन तुटणारे बटण शोधले. आज आपल्या भिंतीवर जो 'टक्' आवाज होतो तो त्याच युक्तीचा. जुन्या पंख्याचा जाड, तापणारा रेग्युलेटर आठवतो? पंखा हळू फिरे, पण वाचलेल्या विजेतली बरीचशी त्या डब्याला तापवण्यात जाई. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेच्या प्रत्येक लहरीचा थोडा भागच कापतो, म्हणून तो फारसा तापत नाही.

आता आपल्या इमारतीचा जिना बघा. पाच मजल्यांवर चाळीस वॅटच्या पाच ट्यूब बारा तास जळल्या तर रोज किमान २.४ युनिट जातात. नऊ वॅटचे एलईडी लावले तर अर्ध्या युनिटच्या थोडे वर. माणसाची चाहूल लागताच पेटणारा सेन्सर बसवला आणि प्रत्येक दिवा एकूण दोन तासच जळला, तर एक दशांश युनिटही लागत नाही. मात्र सेन्सर पहिली पायरी चढण्याआधी माणूस दिसेल अशा जागी बसवावा, दिवा निदान एक मिनिट तरी राहील असे ठरवावे आणि तळमजल्यावर एक दिवा कायम ठेवावा. गुडघे दुखणाऱ्या आजीला अर्ध्या जिन्यात अंधारात सोडणारी बचत कोणाच्या कामाची? अंधार पडताच पेटणारा सेन्सर लावला असेल तर त्यावर त्याच दिव्याचा उजेड पडू देऊ नये, नाहीतर दिवा रात्रभर उघडझाप करतो.

हे सगळे आताच सांगण्याचे कारण आहे. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो आणि आता तो थंडीकडे सरकतो आहे. २०३० साली तर जानेवारीच्या सुरुवातीला एक आणि डिसेंबरच्या शेवटी दुसरा, असे दोन रमजान सुरू होतील. तेव्हा सहेरीला उठणाऱ्या घरांत आणि मशिदींत गरम पाण्याची आणि जिन्यातल्या उजेडाची गरज वाढेल. मशिदीच्या कमिटीने किंवा सोसायटीने पुढच्या बैठकीत दोनच गोष्टी मांडाव्यात : टाकीची रात्रभराची मोजणी आणि जिन्यातल्या दिव्यांची यादी. दोन्हींना मिळून एक थर्मामीटर आणि एक वही पुरते.