गलाईवाल्यांची दिवाळी

दिवाळी आली, की खानापूर-आटपाडीकडच्या गावांतून एक तक्रार हटकून कानी येते. गलाईच्या धंद्यानिमित्त दक्षिणेत गेलेली कुटुंबे सणाला गावी येत नाहीत. त्यांची मुले 'मद्राशी' झाली. पैसा आला आणि रीत गेली. मी कोरेगावात अर्थशास्त्र शिकवीत असलो, तरी माझी सासुरवाडी त्या भागातली. त्यामुळे ही तक्रार मला दरवर्षी ऐकावी लागते. ती मनापासूनची आहे यात शंका नाही, परंतु तिचे निदान चुकले आहे.

गलाई म्हणजे जुने दागिने वितळवून सोने-चांदी शुद्ध करण्याचा उद्योग. खानापूर, आटपाडी आणि आमच्या जिल्ह्यातील खटाव, माण या अवर्षणी तालुक्यांतील तरुण त्यासाठी देशभर पांगले. आधी मामाच्या नाहीतर चुलत्याच्या दुकानात पडेल ते काम करायचे, मुशीपाशी हात भाजून घ्यायचे आणि मग दूर कुठेतरी स्वतःची भट्टी मांडायची, हा त्यांचा शिरस्ता. १९७२ सारख्या दुष्काळी वर्षांत शेतीने ज्यांना पोसले नाही, त्यांना या भट्टीने पोसले.

आता दिवाळीचे पाहा. जुना दागिना मोडून नवा घडविण्याची घाई सणाच्या तोंडावरच होते. गाव ज्या आठवड्यात यांची वाट पाहते, तोच नेमका धंद्याच्या भराचा आठवडा. शिवाय तमिळनाडूची दिवाळी मुख्यतः नरकचतुर्दशीची. पहाटेचे तेल लावून स्नान, नवे कपडे, फटाके. दुपारपर्यंत सणाचा भर ओसरतो. अभ्यंगस्नान आपले आणि त्यांचे सारखेच; पण पाडवा आणि भाऊबीज हे आपले दिवस तेथे सहसा कामाचे. आमच्या शाळा-कॉलेजांना तेव्हा दोन-तीन आठवडे सुट्टी असते, तेथे मुलगा भाऊबीजेला वर्गात बसलेला असतो. मग लक्ष्मीपूजन दुकान आवरल्यावर, तराजू आणि वह्यांसमोर होते. बहिणीचे ओवाळणे येत्या रविवारी. याला रीत गेली कसे म्हणावे? मला तर ती काटकसरीने सांभाळलेली दिसते.

व्यापारासाठी परमुलुखात गेलेल्यांचे सण असेच वळण घेतात. फिलिपिन्समधील मनिला शहरात बिनोंदो ही चिनी वसाहत १५९४ पासून आहे. तेथील चिनी वंशाच्या कित्येक कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तरी चिनी नववर्षाला चिकट तांदळाचा 'तिकॉय' नावाचा गोड पदार्थ करणे आणि तो इतरांनाही वाटणे त्यांनी सोडले नाही. त्या दिवसाची देशव्यापी सुट्टी मात्र त्यांना २०१२ साली मिळाली. चार शतके लागली! कोइमतूरमधल्या आपल्या माणसांना अजून पुष्कळ अवकाश आहे.

दिवाळी हुकली, तरी जत्रा साधते. चैत्र-वैशाखातील गावोगावच्या यात्रा आणि दक्षिणेकडील उन्हाळी सुट्टी यांचा मेळ बसतो. बंद घरांची कुलपे निघतात. सोयरिकी जमतात, बांधाचे तंटे मिटतात किंवा नव्याने लागतात, कोणाचा मुलगा कोणाच्या दुकानात धाडायचा हेही तेव्हाच ठरते.

गेल्या वैशाखात देवळाच्या मंडपात दहा-बारा वर्षांचा एक मुलगा देणगीदारांच्या संगमरवरी फलकासमोर उभा होता. "माझ्या आज्जाचं नाव कुठाय?" त्याने मला विचारले. बोली अस्सल माणदेशी. वाचता मात्र एक अक्षर येत नव्हते. तमिळनाडूने १९६८ पासून द्विभाषा सूत्र धरले आहे. तेथील बहुतेक शाळांत हिंदी शिकणे सक्तीचे नाही, म्हणून देवनागरीशी गाठच पडत नाही. कानपूर-दिल्लीला वाढलेल्या मुलांची ही अडचण नाही. मी त्या नावावर बोट ठेवले. त्याने ती अक्षरे बोटाने गिरवून पाहिली.

सणाला न येण्यापेक्षा ही गोष्ट मला अधिक गंभीर वाटते; आणि हिच्यावर उपाय गावाच्या हातात आहे. यात्रा कमिट्या या कुटुंबांकडून हक्काने वर्गणी घेतात. त्यातून कळस चढतात, मंडप उभे राहतात. मुले महिनाभर गावात असतात, शाळेच्या खोल्या तेव्हा रिकाम्या असतात. पहिलीचे मराठीचे पुस्तक आणि रोज सकाळी दोन तास देणारा एखादा निवृत्त शिक्षक, एवढ्याने काम भागेल. त्याचे मानधन वर्गणीच्या एका कोपऱ्यातून सहज निघेल.

मी कमिटीतील मंडळींजवळ हा विषय काढला. कल्पना सर्वांना पसंत पडली. "पण गुरुजी, यंदा वेशीच्या कमानीचं काम काढलंय," एक जण म्हणाले, "तिच्यावर देणगीदारांची नावं कोरायचीत."