डब्यूक : परवाना आणि मालकी

चिरंजीवांकडे शिकागोच्या उपनगरात आमचा मुक्काम पडला की पहिल्याच रविवारी तो विचारतो, "बाबा, या खेपेस काय पाहायचे?" नायगारा पाहून झाला, न्यूयॉर्कही झाले. गतवर्षी सप्टेंबर महिन्यात मी त्यास म्हटले, "जेथे आपल्याकडील प्रवासी सहसा जात नाहीत, असे एखादे लहान शहर दाखव. मात्र त्याला नदी हवी." सांगलीस कृष्णाकाठी वाढलेल्या माणसाला नदीवाचून गाव अपुरे वाटते, हे वाचक जाणतीलच.

त्याने आयोवा राज्यातील डब्यूक हे शहर निवडले. वस्ती साठ हजारांच्या आसपास. शिकागोहून मोटारीने सुमारे तीन तासांचा रस्ता. इलिनॉय राज्याची सपाट मक्याची शेते मागे पडतात, रस्ता टेकड्यांतून वळणे घेऊ लागतो, आणि अखेरीस एक लोखंडी पूल ओलांडला की आपण आयोवात प्रवेश करतो. पुलाखालून मिसिसिपी वाहते. विस्तीर्ण, संथ, मातकट. सौभाग्यवती पटकन म्हणाल्या, "आयर्विन पुलावरून श्रावणातली कृष्णा पाहावी तशीच की ही!"

पर्यटकाने पाहावयाच्या गोष्टी या शहरात एका दिवसात पाहून होतात. आइस हार्बर या जुन्या बंदरावर मिसिसिपी नदीचे संग्रहालय व मत्स्यालय आहे. शनिवारी सकाळी नगरभवनाभोवती शेतकऱ्यांचा बाजार भरतो. तो १८४५ पासून भरत आला आहे. आम्ही तेथून मक्याची कणसे आणि सफरचंदे घेतली. आपल्या आहाराची त्या दिवसापुरती चिंता मिटली. नदीकाठी १८५६ साली बांधलेला १२० फूट उंचीचा मनोरा उभा आहे. त्याच्या माथ्यावरून वितळलेले शिसे चाळणीतून खाली पाण्यात सोडीत. पडता पडता त्याचे गोल छरे बनत. शहराच्या बाजूने पूरभिंत आहे. १९६५ च्या एप्रिलमध्ये मिसिसिपीने येथे २६ फुटांहून अधिक पातळी गाठली, शहराचा सखल भाग पाण्याखाली गेला. त्यानंतर ही भिंत बांधण्याचे काम हाती घेतले गेले आणि १९७३ मध्ये ते पूर्ण झाले. बंदराच्या तोंडाशी प्रचंड दरवाजा आहे. नदी चढू लागली की तो बंद करतात. २०१९ चा महापूर ज्यांनी सांगलीत अनुभवला, त्यांना त्या दरवाजापुढे थोडे थांबावेसे वाटेल. मीही थांबलो. त्याचे कारण पुढे येईलच.

तथापि छत्तीस वर्षे बँकेत कर्जप्रकरणे तपासणाऱ्या माझ्यासारख्याचे मन ज्या गोष्टीने खिळवून ठेवले, ती या शहराच्या नावामागील एका कागदाची हकीकत होय.

ज्युलियन डब्यूक हा कॅनडातील फ्रेंच वंशाचा व्यापारी. या परिसरात मेस्कवाकी जमातीचे लोक राहत. त्यांना जमिनीतील शिशाची माहिती होती आणि त्यांच्या स्त्रिया ते खणून काढीत. १७८८ मध्ये मेस्कवाकींनी डब्यूकला त्या खाणींत काम करण्याची अनुमती दिली. त्या काळी नदीच्या पश्चिमेकडील मुलखावर स्पेनची सत्ता होती. डब्यूकने धूर्तपणे आपल्या खाणींस 'स्पेनच्या खाणी' असे नाव दिले आणि १७९६ मध्ये स्पॅनिश गव्हर्नरकडून त्यावर मंजुरी मिळविली. अर्जातील मागणी लहान नव्हती. नदीकाठाने सुमारे २१ मैल लांब आणि ९ मैल खोल असा तो पट्टा होता.

व्यापार वाढला, तशी उधारीही वाढली. सेंट लुईस येथील ऑग्युस्त शूतो या बड्या व्यापाऱ्याचे देणे डोईजड झाले. १८०४ मध्ये डब्यूकने त्या जमिनीचा सोळापैकी सात हिस्सा शूतोस लिहून दिला. आपल्या जुन्या हिशेबाने सांगावयाचे तर रुपयातील सात आणे. उरलेले नऊ आणेही आपल्या मृत्यूनंतर त्यासच मिळावेत, असे ठरले. १८१० मध्ये डब्यूक कर्जातच वारला. मेस्कवाकींनी मात्र धनकोंना खाणींवर पाऊल ठेवू दिले नाही. त्यांचे म्हणणे सरळ होते. अनुमती त्या माणसाला होती, माणूस गेला, अनुमती संपली.

१८३२ च्या तहान्वये हा मुलूख अमेरिकी सरकारकडे आला. १८३३ पासून वसाहतवाले येऊ लागले, घरे झाली, दुकाने झाली, शहर उभे राहिले. लोकांनी सरकारकडून रीतसर जमिनी विकत घेतल्या. शूतोचा दावा मात्र मिटला नव्हता. सुमारे वीस वर्षे शहरातील घराघरावर त्या सात आण्यांची आणि नऊ आण्यांची टांगती तलवार होती. अखेर मोलोनी नामक एका रहिवाशाविरुद्धचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. १८५३ च्या त्या निवाड्याचा सारांश एका वाक्यात सांगता येतो. मेस्कवाकींनी डब्यूकला खाण खणण्याचा परवाना दिला होता, जमीन विकलेली नव्हती. जे डब्यूकचे नव्हतेच, ते तो शूतोस देऊ शकत नव्हता.

चिरंजीवाने दूरध्वनीच्या पडद्यावर तो निवाडा काढून दिला. मी तो बंदराकाठच्या बाकावर बसून वाचला. वाचता वाचता मला किती प्रकरणे आठवली! कर्जदार छातीठोकपणे सांगत, "साहेब, जागा आमचीच आहे, तीन पिढ्या बसलो आहोत." कागद मागितले की भाडेपावती निघे, नाहीतर पागडीची एखादी जीर्ण चिठ्ठी. वहिवाट निराळी आणि मालकी निराळी. तारण घेताना बँक पाहते तो हक्कलेख, बसणाऱ्याचा आत्मविश्वास नव्हे. शूतो मोठा व्यापारी खरा. तथापि डब्यूकच्या हाती खरोखर काय होते, हे पाहण्यापूर्वी त्याने उधारीचे रूपांतर जमिनीत केले.

मेस्कवाकींचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. आयोवातील मुलूख गमावल्यावर त्यांना कॅन्सासकडे जावे लागले. काही तेथे गेलेच नाहीत, काही परत आले. १८५७ मध्ये त्यांनी आयोवातील टामा परगण्यात ८० एकर जमीन १,००० डॉलर देऊन विकत घेतली. कागद राज्याच्या गव्हर्नरांच्या नावे विश्वस्त म्हणून करण्यात आला. एके काळी ज्यांच्या अनुमतीवाचून कोणी खाणीत फावडे टाकू शकत नव्हते, त्यांनी आपल्याच प्रदेशात पैसे मोजून जमीन खरेदी केली. आज त्या वसाहतीची जमीन आठ हजार एकरांहून अधिक आहे. ही खरेदी त्यांना वर्तमानाने शिकविलेला धडा होता. यापुढे शब्दावर आणि वहिवाटीवर नव्हे, कागदावर राहायचे.

दुपारी आम्ही शहराच्या प्रसिद्ध उतरंड-गाडीकडे गेलो. चौथ्या रस्त्याच्या टोकास कडा आहे, त्यावर २९६ फूट लांबीच्या रुळांवरून दोन लहान डबे वर-खाली करतात आणि प्रवाशास १८९ फूट उंच नेतात. ही गाडी मूळची जे. के. ग्रेव्हज या बँकवाल्याची. त्याचे घर कड्यावर, बँक पायथ्याशी. दुपारच्या दीड तासाच्या सुट्टीत घोडागाडीने वळसा घालून घरी जाण्यायेण्यातच वेळ संपे, भोजनोत्तर वामकुक्षी राहून जाई. म्हणून १८८२ मध्ये त्याने स्वतःपुरती ही गाडी बांधून घेतली. बँकेतील माणसाला दुपारच्या झोपेचे मोल किती असते, हे मी जाणतो!

१८८४ मध्ये ती जळाली. ग्रेव्हजने पुन्हा बांधली आणि शेजाऱ्यांनाही पाच सेंटला बसू देऊ लागला. १८९३ मध्ये पुन्हा आग लागली. मंदीचे वर्ष होते, त्याच्याकडे बांधण्यास पैसा उरला नव्हता. शेजारी तर आता तिच्यावर विसंबून होते. तेव्हा त्यांतील दहा जणांनी एकत्र येऊन कंपनी स्थापन केली आणि ग्रेव्हजने त्या वाटेचा आपला परवाना त्यांस देऊन टाकला. शिकागोच्या जागतिक प्रदर्शनास जाऊन त्यांनी नवी यंत्रसामग्री पाहिली, पोलादी दोर आणला, आणि एका डब्याच्या जागी दोन डबे जोडले. एक उतरतो तेव्हा त्याच्या भाराने दुसरा चढतो. जमा आणि नावे यांचा ताळेबंद रुळांवर मांडलेला असावा, तसे ते दृश्य आहे.

भाडे वर पोहोचल्यावर द्यावयाचे असते. आम्ही ते दिले आणि कठड्याशी उभे राहिलो. समोर आयोवा, इलिनॉय आणि विस्कॉन्सिन अशी तीन राज्ये एका नजरेत येतात. खाली चर्चचे शिखर, न्यायालयाचा सोनेरी घुमट, पलीकडे नदी. तेथे माझ्या मनात विचार आला तो डब्यूकचा नव्हे, ग्रेव्हजचा. एकाने नसलेली मालकी लिहून दिली, त्यापायी सुमारे वीस वर्षे लोक टांगणीला लागले. दुसऱ्याने स्वतःस निरुपयोगी झालेला परवाना वेळीच योग्य हातांत सोपविला, तर त्याची गाडी आजही चालते आहे.

आता स्वतःची गोष्ट सांगतो. लिहिताना संकोच वाटतो, परंतु सदर लिहिणाऱ्याने केवळ इतरांच्या चुका लिहू नयेत.

सांगलीच्या गणपती पेठेत आमचे पिढीजात दुकान आहे, जागा भाड्याची. वडील २००९ मध्ये गेले. दुकान त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यामागे धाकट्या बंधूंनीच चालविले, मी नोकरीनिमित्त गावोगाव हिंडत राहिलो. भाडेपावती आजतागायत वडिलांच्या नावे. भगिनीने आपली संमती केव्हाच लिहून दिली. माझी राहिली. २०१९ च्या पुरात दुकानात छातीइतके पाणी होते. माल गेला. बंधूंनी कर्ज मागितले, तेव्हा एका बँकेने जागेचा कागद स्वतःच्या नावे आणण्यास सांगितले. ते मला म्हणाले, "अण्णा, एवढी सही द्या." मी म्हणालो, "बघू, घाई काय आहे?" पुढे त्यांनी आणखी दोनदा विचारले. मग विचारणे सोडले. घरातील दागिने गहाण ठेवून त्यांनी दुकान उभे केले.

घाई नव्हती असे नाही. पेठेतील जागेला पागडी मोठी येते, त्यात आपलाही काही आणे हिस्सा असावा, हा विचार माझ्या मनाच्या तळाशी होता. तो मी कोणास बोललो नाही, स्वतःसही नाही. ज्या दुकानाच्या गल्ल्यावर मी चाळीस वर्षांत एकदाही बसलो नाही, तेथे माझे सात आणे मी मनातल्या मनात लिहून ठेवले होते. दुसऱ्यांचे हक्कलेख तपासण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने स्वतःच्या घरचा कागद दहा वर्षांहून अधिक काळ अडवून ठेवला, हे त्या कड्यावर मला लख्ख दिसले. सौभाग्यवतींना बोलून दाखविले, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "मला वाटलेच होते. तुम्हीच बोलाल म्हणून थांबले होते."

त्या रात्री नऊ वाजता मुक्कामाच्या खोलीतून सांगलीस दूरध्वनी केला. तेथे सकाळचे साडेसात झाले होते. बंधू दुकानास निघण्याच्या तयारीत होते. मी म्हणालो, "संमतीपत्राचा मसुदा वकिलांकडून करून ठेव. आल्या आल्या सही करतो." काही क्षण पलीकडून शब्द आला नाही. मग ते म्हणाले, "अण्णा, तिकडे थंडी आहे का? शाल नेली आहे ना?"

परतल्यावर पहिल्या आठवड्यात सही झाली. घरमालकांशी बोलणे सुरू आहे. दागिने मात्र अद्याप सुटलेले नाहीत. माझ्या विलंबाची ती किंमत बंधूंनी सोसली आहे आणि ती मी कशी फेडावी, हे मला ठरवावयाचे आहे.

वाचकहो, आपणांपैकी बहुतेकांची पेठेत दुकाने आहेत. येत्या दिवाळीत वह्या बदलाल, तेव्हा त्यासोबत जागेचे कागदही एकदा काढून पाहावेत. पावती कोणाच्या नावे आहे, गल्ल्यावर कोण बसतो, आणि कोणाची सही अजून राहिली आहे, एवढे तीन प्रश्न पुरेत. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आपलेच नाव निघाले, तर डब्यूकपर्यंत जाण्याची आवश्यकता नाही.